शाळा उतरवायची, की राहायला द्यायची?

गावची जुनी कौलारू शाळा धोकादायक ठरली की तिचं निर्लेखन होतं. ग्रामसभेचा ठराव, शाळा व्यवस्थापन समितीचा अर्ज, इंजिनिअरचा दाखला, मूल्यांकन, मंजुरी आणि शेवटी लिलाव. लिलाव जमिनीचा नसतो, मालाचा असतो. कौलं, वासे, तुळया, दारं, खिडक्यांचे गज, जोत्याचे दगड. ज्याची बोली चढते त्याने मुदतीत सगळं उतरवून जागा मोकळी करून द्यायची. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो, असले दाखले माझ्या हातून भरपूर गेले. आता निवृत्त होऊन जांभूळला राहतो. अंबरनाथ तालुक्यातलं, बारवी धरणाचं पाणी जिथे शुद्ध होऊन पुढे जातं ते गाव. दाखले लिहायचं थांबलं, इमारतींकडे बघत बसायची खोड गेली नाही.

उतरवलेला माल जातो कुठे? घरांमध्ये. सागवान गाभ्याचं असेल तर त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि एवढी वर्षं वाळलेलं लाकूड नंतर पिळत नाही. असा माल ओळखणारे लोक लिलावावर डोळा ठेवून असतात. माझ्या मावसभावाने बदलापूरच्या पलीकडे घर बांधलं तेव्हा असाच एका शाळेचा माल घेतला. त्याच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर रंगाचे तीन हात झालेत, तरी सकाळचं तिरपं ऊन पडलं की खालची अक्षरं उठून दिसतात : 'इयत्ता 3 री'. वहिनी त्या तिसरीत रोज भाकऱ्या थापतात. ओटीवरच्या तुळईला दोन लोखंडी कड्या आहेत. नकाशे टांगायच्या असाव्यात, आता तिथे छत्र्या लटकतात. ही तुळई मूळची वीस फुटी. घराच्या खोल्या दहा फुटी, म्हणून सुताराने ती मधोमध कापली. मी हळहळलो तर दादा म्हणाला, "अरे, एवढं लाकूड वखारीतून आणायचं तर शेताचा तुकडा विकायला लागंल. कापू नको तर काय, पूजा करू?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

तर आपल्याकडे शाळेची घरं होतात ती अशी, सुटी सुटी होऊन. आख्खी शाळा जागेवर उभी आहे आणि तिच्यात बिऱ्हाड नांदतंय, असं जवळजवळ घडत नाही.

इंग्लंडमध्ये नेमकं हेच घडतं. तिथल्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात चर्चच्या पुढाकाराने दगडविटांच्या छोट्या शाळा उभ्या राहिल्या. मुलं कमी झाली, शाळा बंद पडली, की इमारत विकली जाते आणि घेणारा तिथे संसार थाटतो. दारावरच्या दगडात एकीकडे 'मुलगे' आणि दुसरीकडे 'मुली' असं कोरलेलं असतं, छपरावर घंटेचा छोटा मनोरा असतो, आणि या दोन्ही गोष्टी नवा मालक जपतो, कारण त्यांच्यामुळे घराची किंमत वाढते. भानगड असते ती जमिनीची. 1841 च्या एका कायद्याने जमीनदारांना शाळेसाठी एक एकरापर्यंत जमीन देता येऊ लागली, पण त्यात एक मेख होती : शाळा बंद झाली तर जमीन मूळ मालकाकडे परत. शंभर-दीडशे वर्षांनी त्या मालकाचे वारस शोधायचे कुठे? शेवटी 1987 साली नवा कायदा करून हा गुंता सोडवावा लागला. आपल्या गावांत हे ऐकलं की लोक ओळखीचं हसतात. 'आजोबांनी शाळेला तोंडी जागा दिली होती, सातबारा अजून आमच्याच नावावर आहे,' असं सांगणारा नातू प्रत्येक तालुक्यात भेटतो.

पण कायदा बाजूला ठेवू. आधी इमारत बघू, कारण घर व्हायला ती लायक आहे की नाही हे तिच्या अंगावरून कळतं.

जुनी शाळा म्हणजे बहुधा दोन किंवा तीन खोल्यांची एक रांग आणि पुढे लांबच लांब पडवी. जोतं काळ्या दगडाचं, दीड-दोन फूट उंच, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. भिंती दगडाच्या किंवा विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, दीड फुटाच्या आसपास जाड. खोलीत मधे एकही खांब नाही. मुलांना फळा दिसला पाहिजे, म्हणून वीस फुटांचा गाळा सलग झाकायचा, आणि तो झाकते लाकडी कैची. कैची म्हणजे त्रिकोण. खाली आडवी तुळई, दोन बाजूंनी आढ्याकडे चढणारे दोन तिरपे सोट, आणि मधोमध उभा दांडा. कैच्यांवर आडवे पाट, त्यावर वासे, त्यावर रिपा, रिपांवर कौलं. भिंतीच्या डोक्यापाशी दहा-बारा फूट उंची, आढ्यापाशी सोळा-अठरा. उन्हाळ्यात तापलेली हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून निघून जाते. पंखा नव्हता तेव्हाही मे महिन्यात आत बसवत होतं ते या उंचीमुळे.

खिडक्यांकडे मी मुद्दाम बघतो. विलायती शाळेत खिडकीचा खालचा कट्टा मुद्दाम उंच ठेवायचे, बाकावर बसलेल्या पोराचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. त्या शाळेचं घर करणाऱ्याला याचा ताप होतो. उजेड भरपूर, पण खुर्चीत बसून बाहेरचं झाड दिसत नाही. मग मधे एक मजला टाकतात, तो नेमका खिडकीच्या पोटातून जातो; अर्धी खिडकी खाली, अर्धी वर. आपल्याकडे पोरं बस्करावर बसायची. जमिनीवर बसलेल्याच्या वहीवर उजेड पडायचा तर खिडकी खाली हवी. म्हणून आपल्या जुन्या शाळांचा कट्टा मांडी घालून बसलेल्या माणसाच्या खांद्याला येतो. घर म्हणून हे फार सोयीचं आहे. जेवायला पाटावर बसा, रस्त्यावरून कोण चाललंय ते दिसतं.

एका वर्गाचं माप साधारण वीस बाय पंचवीस फूट धरलं तर पाचशे चौरस फूट झालं. बदलापुरात एवढ्या जागेत बिल्डर वन बीएचके बसवतो, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब. इथे पडवी फुकट आणि डोक्यावर आभाळाएवढी उंची.

एवढं चांगलं बांधकाम गावोगाव आलं कुठून, हेही सांगायला हवं. पंतोजींच्या काळात शाळेला इमारतच नसे. देवळाची ओवरी, चावडी, नाहीतर कुणा सधन माणसाची पडवी, आणि समोर धूळपाटी. 1855 साली मुंबई इलाख्यात शिक्षण खातं सुरू झालं. 1869 च्या कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस पक्का झाला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला मिळू लागला. कुणब्याने आपल्या साऱ्यावर वर भरलेला पैसा होता तो. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी यावरच बोट ठेवलं : महसूल कष्टकऱ्याकडून घेता आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गावर करता. गावच्या शाळेच्या वाट्याला जे आलं ते थोडंच होतं, पण बांधणाऱ्यांनी ते टिकेल असं बांधलं. पुढे लोकल बोर्डं आली, 1962 पासून जिल्हा परिषदा. इमारत तीच राहिली, पाटी बदलली.

कौलांचंही असंच. पूर्वी घरांवर कुंभाराची नळीची कौलं असत, ती दर वर्षी उतरवून परत शाकारावी लागत. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला यंत्रावर चपटी कौलं पाडायला सुरुवात केली. खाचेत खाच बसणारी ही कौलं चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात आणि वर्षानुवर्षं हलवावी लागत नाहीत. रेल्वे आणि गलबतांनी ती कोकणभर पसरली. जुन्या शाळेचं एखादं कौल उलटं करून बघा, पोटावर कारखान्याचं नाव उमटलेलं सापडेल. आता माकडांनी आणि क्रिकेटच्या चेंडूंनी कौलं फुटतात म्हणून वर पत्रे ठोकायची पद्धत पडली आहे. पत्र्याखाली बसून दुपारी शिकवणाऱ्या बाईंना विचारा कसं वाटतं.

आपला इतिहास तसा उलट्या दिशेचा आहे. आपल्याकडे घरांच्या शाळा झाल्या. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात. 1880 च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं ते मोरोबादादांच्या वाड्यात. वाडा मुळात खणांच्या हिशेबाने बांधलेला, खांब-तुळयांचा; दोन खण मोकळे केले की वर्ग झाला. भिडेवाड्यात पुढे दुकानं आली, वाडा खचला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि डिसेंबर 2023 मध्ये तो स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक नवं होणार. जी भिंत बघायला माणसं यायची ती गेली.

राहण्यासाठी न बांधलेली इमारत राहती करायचं सगळ्यांत मोठं उदाहरण मात्र आमच्या शेजारीच आहे, आणि त्याच्याकडे कुणी स्थापत्य म्हणून बघत नाही. ते म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली, दोन हजारांवर बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने त्या बराकींत आणून सोडलं. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच ही छावणीची भाषा रिक्षावाल्यांच्या तोंडी आजही आहे.

बराक, चाळ आणि जुनी शाळा यांचे नकाशे शेजारी ठेवले तर पोट एकच निघतं : लांबट इमारत, एका रांगेत गाळे, वर उतरतं छप्पर. बराकीत बिऱ्हाडं आली तेव्हा आधी पडदे लागले, मग भिंती आल्या. अशा छपराखाली आडवी भिंत घालायची तर ती नुसती माणसाच्या डोक्यावर नेऊन भागत नाही. वर छपराचं सलग पोट मोकळं राहतं आणि पलीकडच्या घरातलं भांडण, खोकला, फोडणी, सगळं इकडे येतं. भिंत थेट कौलाला नेली तर आवाज थांबतो, पण वाराही थांबतो. तोडगा असा की भिंत आढ्यापर्यंत न्यायची, पण ती बरोबर कैचीच्या खाली घ्यायची आणि दोन्ही बाजूंच्या छपरांना स्वतंत्र झरोके ठेवायचे. शाळेचं घर करतानाही हेच करावं लागेल.

आता खरी मेख सांगतो. शाळेची उंची बघून कुणालाही पहिला मोह होतो तो माळ्याचा. एवढी जागा वर फुकट चाललीय, टाकू पाटणी! मग कैचीची आडवी तुळई आड येते. माळ्यावर चालताना गुडघ्याला लागते. सुतार म्हणतो, ही काढून टाकू, छप्पर तर वरच्या सोटांवर आहे. इथेच घात होतो. छपराचा भार त्या दोन तिरप्या सोटांना बाहेर रेटत असतो, आणि त्यांचे पाय धरून ठेवते ती ही आडवी तुळई. ती भार पेलत नाही, ताण घेते. ती कापली की एका-दोन पावसाळ्यांत भिंतींची डोकी बाहेर झुकायला लागतात. आणि न कापता तिच्यावरच माळा टाकला, भाताच्या गोण्या रचल्या, तर ती मधे वाकते, कारण त्या वजनासाठी ती घातलेलीच नाही. माळा हवा असेल तर त्याला खालून स्वतःचे खांब द्या, तुळईला हात लावू नका.

दुसरा घात न्हाणीघराचा. जुन्या भिंतीत ओल अडवणारा थर बहुधा नसतो, पण चुना ओल शोषतो आणि ऊन पडलं की सोडूनही देतो. त्या भिंतीला लागून आत न्हाणी केली आणि वरून सिमेंटचा गिलावा चोपडला, तर ओल आतच कोंडते; चुना भुसभुशीत होतो आणि चार वर्षांत गिलाव्याचे पोपडे हातात येतात. संडास-न्हाणी मागच्या बाजूला सुटी बांधा आणि छोट्या छपराने घराला जोडा. आमच्या पिढीच्या घरांत ती तशीच होती, कुणाचं काही बिघडलं नाही.

'धोकादायक' या शेऱ्याबद्दलही बोलतो. बऱ्याच शाळांत दुखणं एकाच जागी असतं. भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक बघा. वरचं कौल सरकतं, पाणी त्याच जागी मुरतं, टोक कुजतं. तपासणी सोपी आहे. हातोडीने तुळई ठोकत जायचं. धड लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द आवाज देतं. मग दाभण खुपसायचं. जिथपर्यंत सहज जातं तिथपर्यंत लाकूड गेलं समजायचं. हात-दीड हात टोक गेलं असेल तर तेवढं कापून नवं सागवान जोडता येतं, दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. चांगल्या सुताराचं काम आहे हे. पण अंदाजपत्रकात 'नवीन वर्गखोली' लिहिणं सोपं असतं आणि 'तुळईचं टोक जोडणे' या कामाला दरसूचीत दर शोधत बसावं लागतं. भिंतच ओळंब्यातून सुटली असेल, पायाच खचला असेल, तर मात्र हट्ट धरू नये. पोरं खाली बसतात.

2001 नंतर सर्व शिक्षा अभियानातून गावोगाव स्लॅबच्या खोल्या आल्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकागणिक एक वर्गखोली, अडथळ्याविना वाट, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं असे निकष घातले. ते योग्यच होते. त्यामुळे जुनी इमारत मात्र शेजारी रिकामी पडली. तिच्यात मोडकी बाकं, निवडणुकीच्या पेट्या, पोषण आहाराची पोती. वीसहून कमी पटाच्या शाळा राज्यात 14 हजारांवर असल्याचं 2023 साली छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चा निघाली तेव्हा सांगितलं गेलं. समूह शाळा व्हाव्यात की नाहीत हा वेगळा वाद आहे, माझ्या मते लहानग्याला घराजवळची शाळा हवी. पण रिकाम्या इमारती वाढणार हे उघड आहे.

यावर माझं सांगणं असं. त्या इमारती विकू नका आणि उतरवूही नका, शिक्षकांना राहायला द्या. शिक्षकाने मुख्यालयी राहावं अशी अट आहे, घरभाडे भत्ता तिच्याशी जोडलेला आहे, तो राहतो की नाही यासाठी ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत प्रकरण गेलं. पण राहायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवर भाड्याने खोली मिळत नाही. मिळाली तरी एकट्या बाईला दाराला नीट कडी आणि घरात पाणी नसलेली जागा कशी परवडेल? म्हणून सकाळची लोकल, मग एसटी, मग वडाप. विलायतेतल्या जुन्या शाळांना मास्तरांचं घर जोडूनच असे. आपल्याकडे दोन खोल्यांच्या जुन्या शाळेत दोन बिऱ्हाडं आरामात बसतात. मधली भिंत आहेच. पडवीच्या दोन टोकांना दोन चुली, मागे दोन न्हाण्या. जमीन जिल्हा परिषदेची जिल्हा परिषदेकडेच राहते. शाळेच्याच कामाला वापर होतो, त्यामुळे जमीन देणाऱ्याच्या नातवाला समजावणंही सोपं जातं.

अडचणी आहेत. मैदानाच्या मधोमध इमारत असेल तर संसाराची वर्दळ मुलांना त्रासाची होईल, तिथे कुंपण आणि वेगळी वाट काढावी लागेल. दुरुस्तीचा पैसा कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर दोन वर्षं फाइल फिरेल, हेही मला ठाऊक आहे. शिवाय या इमारतींना वारसा म्हणून कुठलंही कवच नाही. मुंबईत 1995 पासून वारसा नियमावली आहे, किल्ले-देवळांना पुरातत्त्व खातं आहे. गावच्या शाळेचं नाव यांतल्या कुठल्याच यादीत सापडायचं नाही. तिचा निकाल ग्रामसभेतच लागतो.

ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. तुमच्या गावच्या शाळेच्या निर्लेखनाचा विषय पटलावर आला तर हात वर करण्याआधी चार गोष्टी मागा : मोजमापांसह नकाशा, आतून-बाहेरून फोटो, तुळया-वाशांची नगवार यादी घनफुटांसह, आणि तुळयांची टोकं दाभण लावून तपासल्याची नोंद. शेवटची नोंद नसेल तर विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करा.